विषय: अंकाचं लेखन कसं लावायचं? सोमवारी द्यायचंय

माई, कर्वेनगर (शनिवार सकाळ)

सगळ्यांना नमस्कार.
सोमवारी अकराला अप्पा बळवंत चौकात अक्षरजुळणीसाठी सगळं नेऊन द्यायचंय आणि "तिसऱ्या मजल्यावरून" अजून सापडत नाही. शोधात "तिसऱ्या" टाकलं की काहीच येत नाही. लेख आलाय हे नक्की, मी स्वतः वाचलाय, शेवटी डोळे भरून आले होते. शिवाय नानांच्या कथेचे दोन खर्डे आहेत, एकावर 03-04, दुसऱ्यावर 04-02. नंतरचा कोणता? मागच्या वर्षी ठरलं तसे कथा, कविता, ललित असे कप्पे केलेत, पण कुणी काय कुठे टाकलंय ते टाकणाऱ्यालाच ठाऊक. रात्रीपर्यंत कळवा.

अण्णा, नारायण पेठ

माई, आवक वही बघितलीत का? आलेल्या प्रत्येक लेखाला मी क्रमांक देतो, अकरा वर्षांत एकही चुकलेला नाही. त्याच क्रमाने लावा. कप्पे करायला माझा विरोध होता, मी बैठकीत उभं राहून बोललो होतो. गेल्या अंकाच्या वेळी आजीच्या पत्रांवरचा तो लेख आठवा. एकाने तो ललित म्हणून ठेवला, दुसऱ्याने आठवणी म्हणून बाहेर काढला, तिसऱ्याला वाटलं तो छापायला गेला. अंकात आलाच नाही. तो लिहिणाऱ्या बाईंनी त्यानंतर आपल्याकडे एक ओळ पाठवलेली नाही. मला ते अजून लागतं.
वही माझ्याकडेच राहील. कुणाला बघायची तर घरी यावं.

सचिव, एडिसन (अमेरिका)

इथे शुक्रवारची रात्र आहे, म्हणून थोडक्यात. नानांनी दोन्ही खर्डे इथे मुलीच्या घरी बसून केले. इथल्या पद्धतीने महिना आधी येतो. म्हणजे 03-04 हा 4 मार्चचा आणि 04-02 हा 2 एप्रिलचा. पुण्यात वाचलं तर नेमकं उलटं होतं, 3 एप्रिल आणि 4 फेब्रुवारी. यापुढे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा: 2024-04-02. असं लिहिलं की कुठल्याही देशात एकच अर्थ निघतो आणि फायली आपोआप तारखेने लागतात. आणि तारीख पुण्याचीच धरा, कारण अंक तिथे होतो. सध्या आम्ही तुमच्या साडेनऊ तास मागे आहोत, नोव्हेंबरात घड्याळं बदलली की साडेदहा. इथून संध्याकाळी पाठवलेलं तुमच्याकडे दुसऱ्या दिवशीचं असतं.

नाना, सदाशिव पेठ

बरोबर. म्हातारा लकडी पुलाच्या मध्यावरून परत फिरतो, तो नंतरचा. आधीच्या खर्ड्यात तो पूल ओलांडून डेक्कनला जातो. ते मला पटलं नाही, महिनाभर त्यावरच अडलो होतो. कृपा करून ओलांडणारा छापू नका.

माईंचा भाचा

माईमावशीच्या मेलवरून लिहितोय. "तिसऱ्या" सापडला! दिसायला अक्षर एकच, आत दोन तऱ्हा आहेत. लेखिकेने साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह घालून अर्धा र केलाय, आपण शोधताना नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ वापरतो. यंत्राच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. ते जोडचिन्ह वाटेत गळलं तर अर्धा र डोक्यावर चढतो आणि रफार होतो, तसे तीन लेख मिळाले. "ॲ" चं तसंच आहे. 2008 पर्यंत युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या सर्वमान्य यादीत, तो स्वतंत्र नव्हता, लोक अ वर चंद्र देत. "ॲलर्जी" शोधून जुन्यातलं काही मिळत नाही ते यामुळे. मी सगळ्या फायलींत एकच पद्धत करून देतो, आज रात्री होईल. मग सगळं अकारविल्हे लावू का? एका टिचकीचं काम आहे.

अण्णा, नारायण पेठ

अकारविल्हे म्हणजे यंत्राचं अकारविल्हे ना? त्यात "क्षितिज" हे "खिडकी"च्या आधी येतं, कारण यंत्राला क्ष म्हणजे क आणि ष. आपल्याकडे क्ष आणि ज्ञ शेवटी. शासनाच्या 2009 च्या वर्णमालेतही ते ळ नंतरच आहेत. आणि ळ? यंत्र त्याला ल आणि व यांच्यामध्ये बसवतं. म्हणजे "काळ" आधी, "कावळा" नंतर. ळ ह च्या पुढचा, हे शाळेत घोकलेलं आहे. अनुक्रमणिका असल्या क्रमाने छापली तर माझं नाव संपादन साहाय्यात घालू नका.

नाना, सदाशिव पेठ

ळ बद्दल अण्णांशी सहमत. इंग्रजी शाळेतल्या नातवंडांना तो उच्चारायला शिकवताना दोन उन्हाळे गेले. धाकटी आता "कमळ" नीट म्हणते. तिने मेमध्ये चार ओळी लिहिल्या होत्या, त्या पोचल्या का?

ताई, औंध

क्ष वर दिवस गेला आणि मूळ प्रश्न तसाच राहिला. मी सव्वीस वर्षं ग्रंथालयात काढली, म्हणून सांगते. पुस्तक कपाटात एकाच जागी राहतं, एकाच वेळी दोन फळ्यांवर ठेवता येत नाही. पण तालिकेत त्याची तीन कार्डं असायची: लेखकाच्या नावाचं, पुस्तकाच्या नावाचं आणि विषयाचं. वाचक कुठल्याही दाराने आला तरी त्याच फळीपाशी पोचायचा. ग्रंथालयशास्त्राचे रंगनाथन यांच्या 1931 च्या पाच सूत्रांतलं चौथं आहे, वाचकाचा वेळ वाचवा. आम्हाला ते पाठ होतं.
आपण लेख कपाटासारखे कप्प्यांत कोंबतो, तिथे चूक होते. आजीची पत्रं ललित की आठवणी, हे भांडण फळीचं. कार्डाला दोन्ही लिहिता येतं. तेव्हा लेख सगळे एकाच फोल्डरमध्ये, अण्णांच्या आवक क्रमांकाने. आणि शेजारी एक तक्ता: क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकार, शेवटच्या खर्ड्याची तारीख, कुणी वाचलं, छापायला गेला की नाही. प्रकाराच्या रकान्यात हवे तेवढे शब्द घाला. शेवटचा रकाना मात्र रिकामा ठेवायचा नाही. गेल्या वर्षी तो असता, तर एकाला तरी ते वाचून थांबावं लागलं असतं.

अण्णा, नारायण पेठ

ताई, क्रमांक माझे राहणार असतील तर हरकत नाही. "कुणी वाचलं" हा रकाना वहीतही नव्हता, तो घालायला हवा होता. उद्या दहाला वही घेऊन माईंकडे येतो. तुम्ही रकाने आखून ठेवा, मी वाचून दाखवतो, भाच्याने उतरवून घ्यावं. मे महिन्यातल्या चार ओळी क्रमांक 29 वर आहेत, नाना.
क्ष आणि ळ चं मी हाताने लावून देईन.

माई, कर्वेनगर

या सगळेच, पोहे करते. तक्त्यात पहिली ओळ मी आत्ताच भरली आहे: आजीच्या पत्रांवरचा लेख. "प्रकार"मध्ये ललित आणि आठवणी दोन्ही लिहिलंय, "छापायला गेला"मध्ये "नाही". तो यंदा घ्यायचा असं माझं ठाम मत आहे, आठ पानांची जागा अजून आहे. पण त्यांना विचारल्याशिवाय नको. फोन लागत नाही, बहुतेक नंबर बदललाय. अण्णा, वहीत त्यांचा पत्ता असेल तर उद्यासाठी थांबू नका, आजच कळवा. वारज्यात राहतात असं कुणीतरी म्हणालं होतं, मी संध्याकाळी जाऊन येते.