26 वर्षांनी भडकलेला तारा आणि आमची रात्रीची लाईट

वऱ्हाडी_मास्तरीण: परवा सातवीला अॅस्ट्रोसॅटची, म्हणजे भारताच्या अवकाशातल्या दुर्बिणीची, गोष्ट सांगितली. 1993 मध्ये रोसॅट दुर्बिणीला आरएक्स जे0209 नावाचा क्ष-किरणांचा स्रोत सापडला, मग गप्प पडला. नोव्हेंबर 2019 मध्ये अचानक भडकला आणि दर 9.3 सेकंदांनी ठोके देताना सापडला. आपल्या अॅस्ट्रोसॅटनेही ते टिपले. ते दाखवायला वर्गाच्या खिडक्यांना पोती लावली, सायकल उलटी ठेवली, चाकाला टॉर्च बांधला, नऊ मोजेपर्यंत एक फेरा. पोरं फेरा संपायच्या आधीच "आला!" ओरडायची. संध्याकाळी एक पालक म्हणाले, "मॅडम, यानं कापसाले भाव भेटते का?" मला उत्तर सुचलं नाही. तुमचं काय म्हणणं?

धुऱ्यावरचा: त्या पालकाचं काय चुकलं? अॅस्ट्रोसॅटले 178 कोटी लागले म्हणतात. इकडं हरभऱ्याले पाणी द्यायले रातच्या दोन वाजता लाईट येते. तारे आमी फुकटात पाहतो, सापासंगं.

नागपुरी_संत्रा: भाऊ, 178 कोटी म्हणजे माणशी दीड रुपयाही नाही. तेवढ्यात कटिंगही येत नाही. आणि पोरांना कळू द्या ना: तो न्यूट्रॉन तारा, म्हणजे मेलेल्या मोठ्या ताऱ्याचा दाबलेला गाभा, वस्तुमान सूर्याहून जास्त, रुंदी जेमतेम 20-25 किलोमीटर. म्हणजे आपल्या तालुक्यात मावेल! शेजारचा मोठा तारा इतका गरगर फिरतो की त्याच्या पोटावरचा वायू बाहेर सांडतो. तो याच्या चुंबकीय ध्रुवांवर आदळून तापतो, त्यातून क्ष-किरण. तारा फिरला की झोत आपल्याकडं येतो, जातो. तोच ठोका.

धुऱ्यावरचा: हिशेब बरोबर हाय. पण तो दीड रुपया कोणी इचारून घेतला का?

वऱ्हाडी_मास्तरीण: दादा, बोंडअळीचं औषधही कोणी विचारून आणत नाही.

धुऱ्यावरचा: तेच तर रडगाणं हाय, मॅडम! तुमी माह्याच बाजूनं बोलून राह्यल्या.

अकोल्याचा_पोट्टा: दोघांचंही पटते. दिवसा लाईट मागणं अन् दुर्बीण पाठवणं, एकाच खिशातले पैसे नाहीत हे. दुर्बीण बंद केली तर तुमच्या फीडरवर दिवसा लाईट येईल, असं कोणी लिहून देते का? मग कायले भांडता बाप्पा.

धुऱ्यावरचा: बरं, थो तारा कोणत्या बाजूले दिसते?

नागपुरी_संत्रा: नाही दिसत. लघु मॅगेलनी मेघ नावाच्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेच्या कडेला आहे, सुमारे 2 लाख प्रकाशवर्षांवर, दक्षिणेला इतका खाली की विदर्भात तो उगवतच नाही. क्ष-किरणही हवा अडवते, म्हणून तर दुर्बीण 650 किलोमीटर वर ठेवली.

धुऱ्यावरचा: उगवतच नाही? अन् मी काल मोटर चालू करून दोन तास दक्षिणेकडं तोंड करून बसलो होतो राजेहो.