लग्नाच्या कॅसेटमध्ये अंतरपाट आधी, ‘सावधान’ नंतर! आवाज कसा जुळवावा?

कोरडीभेळ
मंडळी, मदत हवी आहे. आत्याच्या लग्नाची १९९३ सालची व्हीएचएस कॅसेट एका दुकानातून एमपी४ करून आणली. २ तास ४० मिनिटांची एकच फाइल. सुरुवात झकास आहे, गणपतीपूजनात भटजींचे ओठ आणि मंत्र अगदी जुळतात. पुढे मात्र चित्र पळतं आणि आवाज मागे राहतो. मुहूर्ताला तर कहर. अंतरपाट निघाला, हार घालून झाले, आत्या लाजून खाली बघतेय आणि मग भटजी गरजतात, ‘सावधान!’ आम्ही हसून लोळलो, पण आत्याला हे पेनड्राइव्हवर द्यायचंय.

व्हीएलसी प्लेअरमध्ये आवाज आधी सरकवणारं ‘जे’ हे बटण पन्नास वेळा दाबलं, तेव्हा मुहूर्त जुळला. पण मग सुरुवातीला मंत्र आधी आणि ओठ नंतर. शिवाय फाइल बंद करून उघडली की पहिले पाढे पंचावन्न. दुकानदार म्हणतो कॅसेटच तशी आहे. विंडोज लॅपटॉप आहे, फुकटचं सॉफ्टवेअर सुचवा.

झोपाळूमांजर
ब्लूटूथ स्पीकर लावून बघताय का? माझ्याकडे महिनाभर सगळेच सिनेमे बिघडलेले होते, शेवटी दोष हेडफोनचा निघाला. :)

कोरडीभेळ
नाही हो, लॅपटॉपचाच स्पीकर. आणि ब्लूटूथमुळे असतं तर सुरुवातीपासून सारखंच मागे राहिलं असतं ना?

चिंचगुळी
मीडियाइन्फो नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे, त्यात फाइल टाका. चित्राची लांबी आणि आवाजाची लांबी वेगवेगळी दिसते. आवाज लांब असेल तर तो ऑडॅसिटी या आवाज कापायच्या-जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन ‘चेंज टेम्पो’ने चित्राएवढा करा. झालं काम.

कोरडीभेळ
चिंचगुळी, धन्यवाद! चित्र २:४०:००, आवाज २:४०:०४. चार सेकंद आवळले. शेवटची पाठवणी जुळली, पण आता ४० व्या मिनिटाला आवाज सेकंदभर पुढे पळतोय, तिथे आधी काहीच बिघाड नव्हता. डोकं फिरलंय.

तिसरीघंटा
थांबा, आणखी काही आवळू नका. मी हौशी नाटकांचं चित्रीकरण करतो, या दुखण्यातून बरेचदा गेलोय. औषधाआधी नाडी बघा. मूळ फाइल घ्या आणि दर वीसेक मिनिटांनी एकदा मोजा की आवाज किती मागे आहे.

मोजताना ‘सावधान’ शब्दाच्या नादी लागू नका, त्यात ओठ कुठेच मिटत नाहीत. शाळेत शिकलेले ओष्ठ्य वर्ण आठवा: प, फ, ब, भ, म. ‘मंगल’मधल्या ‘म’ला ओठ मिटलेच पाहिजेत, तो क्षण पकडा. नाहीतर नारळ फोडताना बघा. व्हीएलसीत तो क्षण जुळेपर्यंत ‘जे’ दाबत जायचं, प्रत्येक दाबण्याला ५० मिलिसेकंद. दाबलेली संख्या मोजली की झालं.

उत्तर तीन प्रकारचं येतं. सगळीकडे सारखाच फरक असेल तर एमकेव्हीटूलनिक्समध्ये (चित्र आणि आवाज एका फाइलीत बांधणारं सॉफ्टवेअर) आवाजाच्या ट्रॅकला तेवढा उणे डिले द्यायचा, म्हणजे आवाज तेवढा आधी आणायचा, दोन मिनिटांचं काम. फरक हळूहळू, समान गतीने वाढत असेल तर चिंचगुळी म्हणतात तो उपाय. आमच्याकडे कॅमेरा वेगळा आणि ध्वनिमुद्रक वेगळा असतो, दोघांची घड्याळं कणभर निराळी चालतात, त्यामुळे दोन तासांच्या नाटकात शेवटी पाव सेकंदाचा फरक पडलेला मी पाहिलाय. आणि फरक मध्येच उडी मारत असेल, तर तो तिसराच आजार.

अवांतर: आवाज थोडा मागे असला तर माणसाला चालतं, पुढे असला की लगेच खटकतं. शेवटच्या रांगेत तीस मीटरवर बसलात तर नटाचा शब्द ९० मिलिसेकंद उशिराच पोचतो, आपल्याला त्याची सवय असते. प्रसारणाच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीतही आवाज पुढे असेल तर ४५ आणि मागे असेल तर साधारण १२५ मिलिसेकंदांनंतर तो जाणवतो असं धरलंय. म्हणून शेवटच्या फ्रेमपर्यंत किस काढत बसू नका.

कोरडीभेळ
मोजलं! ४० मिनिटांपर्यंत शून्य. ४१ व्या मिनिटानंतर एकदम १.२ सेकंद, आणि पुढे तेवढाच राहतो. १ तास ३८ ला २.५. २ तास १५ ला ४. आणि गंमत म्हणजे तिन्ही ठिकाणी पडद्यावर क्षणभर मुंग्या येतात.

तिसरीघंटा
सापडला चोर. तिथे शूटिंगवाल्याने कॅमेरा थांबवून पुन्हा चालू केलाय. मुंग्या आल्या की सिग्नल तुटतो, संगणकाला फ्रेम मिळत नाहीत, त्या गळतात, पण आवाज नोंदला जातच असतो. आपल्याकडची व्हीएचएस पाल पद्धतीची, सेकंदाला २५ फ्रेम. तुमच्या फाइलला २,४०,००० फ्रेम हव्यात. त्यातल्या नुसत्या १०० गळाल्या की चार सेकंद गेले.

म्हणजे जास्तीचा आवाज फक्त मुंग्यांपाशी आहे. मूळ आवाज ऑडॅसिटीत घ्या (एमपी४ थेट उघडायला एफएफएमपेगची लायब्ररी वेगळी टाकावी लागते). ४१ व्या मिनिटाला खरखर ऐकू येईल, त्यातून १.२ सेकंद कापा. मग दुसऱ्या जागी १.३ आणि तिसऱ्या जागी १.५. सुरुवातीकडूनच कापत या, म्हणजे पुढच्या उडीची वेळ चित्राच्या घड्याळाशी आपोआप जुळलेली मिळेल. नवा आवाज आणि जुनं चित्र एमकेव्हीटूलनिक्समध्ये एकत्र बांधा. चित्र पुन्हा एन्कोड होत नाही, दर्जा तोच राहतो.

पाटावरची
माझं मत वेगळं. कॅसेट घरात आहे ना? मग ठिगळं कशाला, नव्याने उतरवून घ्या. व्हीसीआर आणि संगणकाच्या मध्ये टाइम बेस करेक्टर (कॅसेटचा डळमळता सिग्नल स्थिर करणारं यंत्र) असलेल्या माणसाकडे जा आणि गळालेल्या फ्रेमचा आकडा किती आला ते विचारा. शून्याच्या जवळ असला पाहिजे. ‘कॅसेटच तशी’ हे उत्तर ऐकून घेऊ नका.

तिसरीघंटा
पाटावरची, तत्त्वतः +१. पण तसा माणूस मिळेपर्यंत आत्याला काय देणार?

उंबरठा
थोडं धागा-हरण. भाच्याच्या तबल्याचं फोनवर केलेलं शूटिंग एडिटिंगमध्ये घेतलं की बोल आणि बोटं जुळत नाहीत. फोनवर मात्र ठीक दिसतं.

चिंचगुळी
फोन अंधारात फ्रेम कमी-जास्त करतो. मीडियाइन्फोत फ्रेम रेट मोडपुढे ‘व्हेरिएबल’ लिहिलेलं असेल. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून नवी फाइल करा आणि मग एडिटिंगला घ्या. माझा पहिला सल्ला चुकला, त्याची ही भरपाई समजा.

कोरडीभेळ
अपडेट: जमलं! दीड तास गेला, त्यातला एक तास लायब्ररी शोधण्यात. १ तास ५२ ला ‘मंगल’चा ‘म’ आणि भटजींचे ओठ एकाच वेळी मिटतात. आत्याने फोनवरच बघितलं. म्हणाली, आवाज कळला, पण तुझ्या काकांनी तेव्हाही हार उशिराच घातला होता, तो काही तुला जुळवता येणार नाही.

आता माळ्यावर बारशाचीही कॅसेट सापडलीय. खिडकीतून रिळावर पांढरं काहीतरी दिसतंय. लावून बघू का?

पाटावरची
अजिबात नाही! ती बुरशी आहे. व्हीसीआरमध्ये घातलीत तर हेड खराब होईल आणि नंतर लावाल त्या कॅसेटलाही लागेल. बाकीच्या कॅसेटींपासून वेगळी, कोरड्या जागी ठेवा आणि साफ करून देणारा गाठा.