वेर्ण्यात नोकरी मिळाली आहे. राहायला मडगाव, फोंडा की पणजी?

प्रश्न – सांगलीकर

नमस्कार. वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका औषधनिर्मिती कंपनीत मला नोकरी मिळाली असून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात रुजू व्हायचे आहे. घरात आम्ही चौघे आहोत: मी, पत्नी, तिसरीत शिकणारी मुलगी आणि चौऱ्याहत्तर वर्षांची आई. आईला हृदयविकार असल्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी तपासणी करावी लागते, आणि संध्याकाळी चालत देवळात जाऊन आल्याशिवाय तिचा दिवस पुरा होत नाही. मुलगी आतापर्यंत मराठी माध्यमात शिकली आहे. पत्नी लेखापाल आहे. तिने जेथे जेथे अर्ज केले, ती बहुतेक कार्यालये पणजीत आहेत.

गोवा आम्ही पाहिला तो पर्यटक म्हणून, म्हणजे कळंगुट, मंगेशी आणि परतीची गाडी. नकाशावर सगळी गावे हाताच्या अंतरावर दिसतात. नव्या सहकाऱ्यांना विचारले तर एकाने पर्वरी सुचवली, दुसऱ्याने चिखली, तिसऱ्याने फोंडा. प्रत्येक जण स्वतः राहतो तेच ठिकाण सर्वांत सोयीचे, हे योगायोगाने जुळून आले असावे! भाड्यासाठी पंचवीस हजारांपर्यंतची तयारी आहे. एकच मोटार आहे आणि ती मी नेणार. एवढ्या माहितीवर ठिकाण निवडताना आधी काय पाहावे, हे तेथे राहणाऱ्यांनी सांगितले तर उपकार होतील.

उत्तर १ – तिसवाडीकर

गोव्यात अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, नद्यांमध्ये मोजा. वेर्णे जुवारीच्या दक्षिणेला आहे. मडगाव, वास्को आणि चिखली त्याच तीरावर असल्यामुळे तेथून कामावर जाताना एकही मोठा पूल लागत नाही. पणजी, ताळगाव किंवा दोनापावल येथे राहिलात तर आगशी आणि कुठ्ठाळी यांच्यामधली जुवारी ओलांडावी लागते, आणि पर्वरीला राहिलात तर मांडवी व जुवारी अशा दोन नद्या, त्याही सकाळ-संध्याकाळ. पर्वरी सुचवणारे आपले सहकारी बहुधा फार पहाटेच्या पाळीला जात असावेत.

जुवारीवरचा नवा पूल डिसेंबर २०२२ मध्ये वाहतुकीस खुला झाल्यापासून कुठ्ठाळीच्या रांगा बऱ्याच कमी झाल्या, हे खरे. तरीही पुलावर अवलंबून राहणे म्हणजे काय, हे आमच्या पिढीला नीट ठाऊक आहे, कारण ५ जुलै १९८६ रोजी मांडवीचा पूल कोसळला आणि त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही नोकरीला फेरीबोटीने गेलो. आज तसे काही होईल असे मी म्हणत नाही. मात्र पुलाच्या तोंडाशी एखादा ट्रक बंद पडला तरी तास मोडतो.

आपल्या बाबतीत खरा पेच पत्नीच्या नोकरीचा आहे. तिला पणजीत काम मिळाले तर नदी कोणी ओलांडायची, एवढाच प्रश्न उरतो. ज्याच्याकडे मोटार आहे त्याने ओलांडावी, की जिच्याकडे नाही तिने? मडगाव–पणजी मार्गावर कदंबच्या (गोवा सरकारच्या परिवहन महामंडळाच्या) विनाथांबा बस दिवसभर चालतात, तिकीट खिडकीवर काढून रांगेने बसायचे असते आणि त्या भरवशाच्या आहेत. पण रात्री आठनंतर बस विरळ होतात. गोव्यात ओला-उबर नाहीत, हेही लक्षात ठेवा. गोवामाइल्स ही ॲपवरची टॅक्सीसेवा आहे, पण आतल्या वाड्यावर ते दर वेळी मिळेलच असे नाही.

उत्तर २ – अंत्रूजकर

वरील उत्तराशी मी बव्हंशी सहमत आहे, तरी फोंड्याची बाजू कोणीतरी मांडली पाहिजे. फोंड्याहून बोरीचा पूल ओलांडून लोटलीमार्गे वेर्ण्याला जाता येते, आणि पणजीसाठी कदंब आहेच. दोघांनाही साधारण सारखाच प्रवास पडतो, त्यामुळे घरात एकाचीच ओढाताण होत नाही. बोरीचा पूल अरुंद आहे, हे मात्र आधीच सांगून ठेवतो.

मुलीच्या शाळेचा विचार आपण केला आहे, पण त्यात एक गोष्ट सुटली आहे. गोव्यात सरकारी प्राथमिक शाळा मराठी किंवा कोकणी माध्यमाच्या असतात, आणि आमच्या अंत्रूज महालात (म्हणजे फोंडा तालुक्यात), तसेच डिचोली, सत्तरी, पेडणे या भागांत, मराठी शाळा सासष्टीपेक्षा (मडगावच्या तालुक्यापेक्षा) सहज मिळतात. तथापि पाचवीपासून येथील जवळजवळ सगळे शिक्षण इंग्रजीतून होते आणि मराठी एक विषय म्हणून उरते. म्हणजे मराठी माध्यमासाठी घराची जागा निवडलीत, तर ती निवड दोन वर्षांपुरतीच ठरेल. त्या दोन वर्षांत मुलीचे इंग्रजी कसे तयार करायचे, याचा विचार माध्यमापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे, असे माझे शिक्षक म्हणून मत आहे.

पाण्याविषयीही विचारून घ्यावे. फोंडा आणि तिसवाडी (पणजीचा तालुका) या दोन्ही तालुक्यांना ओपा येथील प्रकल्पातून पाणी येते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये, ऐन पावसाळ्यात, कुर्टी-खांडेपार येथे मुख्य जलवाहिनी फुटली तेव्हा दोन्ही तालुक्यांचे नळ कित्येक दिवस कोरडे राहिले. त्या दिवसांत ज्यांच्या आवारात विहीर होती तेच सुखी होते. इमारत पाहायला जाल तेव्हा स्वयंपाकघराच्या फरशीआधी विहीर आणि भूमिगत टाकी पाहा.

उत्तर ३ – सासष्टीची सून

माझे माहेर मिरजेचे आणि लग्नानंतरची एकवीस वर्षे मडगावात गेली, म्हणून आपल्या आईंच्या बाजूने लिहिते. फोंड्याची देवळे प्रसिद्ध आहेत यात वाद नाही. पण मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी ही सगळी वेगवेगळी गावे आहेत. फोंडा शहरात घर घेऊन आईंना तेथे चालत जाता येणार नाही. प्रत्येक दर्शनासाठी वाहन लागेल. मडगावात मात्र कोंबचे विठ्ठल मंदिर आहे, मालभाटचे हरिमंदिर आहे, आणि कार्तिकात हरिमंदिराच्या दिंडीला सारे शहर रस्त्यावर येते. सांगलीकडच्या माणसाला येथे परके वाटत नाही, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

तपासणीसाठी जिल्हा इस्पितळ मडगावातच आहे आणि मोठ्या उपचारांसाठी बांबोळीचे गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळ. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचा (गोवा सरकारच्या आरोग्यविम्याचा) लाभ गोव्यात किमान पाच वर्षे वास्तव्य असणाऱ्यांनाच मिळतो, त्यामुळे आईंचा सध्याचा आरोग्यविमा बंद करू नका. आणखी एक बारीकशी बाब: दुपारी एक ते साडेतीन-चार या वेळात येथील पुष्कळ दुकाने बंद असतात आणि त्यांत औषधांची दुकानेही येतात. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) दिवसांत तर सगळे आपापल्या मूळ घरी जातात आणि शहर ओस पडते. पहिल्या वर्षी मला दूध मिळवायला तीन वाडे फिरावे लागले होते.

मडगावचे सगळेच भाग सारखे नाहीत. सोनसोड्याच्या कचराप्रकल्पाच्या बाजूचे घर स्वस्त मिळाले तर ते स्वस्त का आहे, हे संध्याकाळी वारा सुटल्यावर आपोआप कळेल. कोंब, मालभाट, पाजीफोंड हा जुना भाग चालण्याजोगा आहे, परंतु मोटार उभी करायला जागा शोधावी लागते. पंचवीस हजारांत तेथे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असे घर मिळू शकेल. मात्र उद्वाहन आहे का, ते पाहा, कारण जुन्या इमारतींत ते बहुधा नसते.

उत्तर ४ – मुरगावकर

वास्को व चिखलीबद्दल थोडक्यात. चिखली वेर्ण्याला सोयीची आहे आणि वस्ती शांत आहे. मात्र मुरगाव बंदरात कोळसा उतरतो आणि त्याची धूळ सडा, बायणा, खारीवाडा या बाजूला घरात येते. हृदयरोगी व्यक्ती सोबत असेल तर बंदराजवळचे घर मी घेऊ देणार नाही.

करार अकरा महिन्यांचा करा. किनाऱ्यालगतच्या गावांत पावसाळ्यात स्वस्त भाड्याने घर देऊन ऑक्टोबरमध्ये पर्यटक आले की रिकामे करा म्हणणारे मालक असतात. माझ्या भाच्याला एकाने तीनच आठवड्यांची मुदत दिली होती. भाडेकरू पडताळणीचा अर्ज पोलीस ठाण्यात गेला आहे ना, याची खात्री स्वतः करून घ्या. आणि घर जुलैतच पाहा. डिसेंबरात गोव्यातले प्रत्येक घर सुंदर असते.

सांगलीकर (तीन आठवड्यांनंतर)

सर्वांचे मनापासून आभार. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चार दिवस राहून आलो. पाऊस एकदाही थांबला नाही, त्यामुळे घरे पाहणे फार सोपे झाले. फोंड्याला एक प्रशस्त घर आवडले होते, पण कपाट सरकवून पाहिले तर मागची भिंत बुरशीने हिरवी झालेली होती. मालकांनी 'रंग देऊन देतो' म्हटले. आम्ही नमस्कार करून निघालो.

पत्नीने सकाळी साडेआठ वाजता मडगावहून कदंबने पणजी गाठून पाहिली आणि संध्याकाळी सातच्या बसने परत आली. रांग लांब होती, पण बस सुटत होत्या, असे तिचे म्हणणे. कंपनीची बसही मडगावातून जाते, हे मला तेथे गेल्यावरच कळले; म्हणजे मोटार घरी ठेवता येईल आणि आईला इस्पितळात नेण्याची अडचण उरणार नाही. त्यामुळे कोंबजवळ पहिल्या मजल्यावरचे घर ठरवले आहे. आवारात विहीर आहे, उद्वाहन नाही. आईने जिना दोनदा चढून-उतरून पाहिला आणि तिसऱ्यांदा उतरली ती थेट देवळाकडेच गेली. मुलीच्या शाळेचे अजून ठरायचे आहे. अंत्रूजकर सरांना त्याबद्दल वेगळे लिहीन.