बाबांनी संशयास्पद लिंक उघडली, आता फोनवर सतत व्हायरसचे इशारे येताहेत

पिंपळपान

परवा बाबांना मेसेज आला: 'पत्ता अपूर्ण असल्याने तुमचं पार्सल थांबवलं आहे, आज रात्रीपर्यंत खालील लिंकवर दुरुस्त करा.' त्यांनी खरंच एक वस्तू मागवली होती, म्हणून लिंक उघडली. 'तुम्ही रोबो नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा' असं आलं, ते दाबलं. मग नाव-पत्ता भरला. पुढे कार्डाची माहिती मागितली तेव्हा शंका आली आणि त्यांनी पान बंद केलं.

तेव्हापासून सारखं नोटिफिकेशन येतंय: 'तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस सापडले, लगेच साफ करा.' फोन अँड्रॉइड आहे. बाबा इतके धास्तावलेत की फोनला हात लावत नाहीत. फोन फॉरमॅट करू का? आणि अशा लिंका ओळखायला त्यांना शिकवायचं कसं?

उंबरठा

सरळ फॅक्टरी रीसेट मारा आणि अँटिव्हायरस टाका. विषय संपला.

निळीशाई

पिंपळपान, रीसेटची घाई नको. मी एका ऑफिसात ईमेल आणि नेटवर्क सांभाळते. असे घाबरलेले लोक फोन घेऊन माझ्या टेबलापाशी येतात, तेव्हा बहुतेक वेळा फोनमध्ये व्हायरस नसतोच.

ते नोटिफिकेशन नीट बघा. मोठ्या लाल अक्षरांच्या वर, बारीक फिकट अक्षरांत ब्राउझरचं नाव आणि त्याला लागून एखाद्या वेबसाइटचा पत्ता दिसेल. म्हणजे हा इशारा फोन देत नाहीये, ती वेबसाइट देतेय. 'अलाऊ' दाबलं तेव्हा बाबांनी रोबो नसल्याचा पुरावा दिला नाही, त्या साइटला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी दिली. क्रोम असेल तर वरचे तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जा. परवानगी दिलेल्या साइट्सची यादी येईल. अनोळखी दिसेल ती प्रत्येक साइट काढून टाका, इशारे थांबतील. तोपर्यंत 'साफ करा'वर कुणीही बोट ठेवू नका. खरा सापळा तिथे आहे, कारण पुढे 'क्लीनर' म्हणून एखादं अ‍ॅप गळ्यात मारतात.

बाबांनी काही इन्स्टॉल केलं होतं का, हे मात्र शांतपणे विचारा. प्ले स्टोअरच्या बाहेरून आलेलं एपीके, म्हणजे अ‍ॅपची फाइल, बसलं असेल आणि त्याला एसएमएस वाचायची किंवा अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मिळाली असेल, तर प्रकरण गंभीर आहे. असं अ‍ॅप ओटीपी वाचतं, स्क्रीनवरचं बघतं, स्वतः बटणं दाबू शकतं. तसं निघालं तर आधी नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि पासवर्ड बदला, मग उंबरठा म्हणतात तसा रीसेट.

आता कार्डाचं. नुसती शंका आली की आकडे टाइप करून झाले होते? काही बनावट पानं 'सबमिट' दाबायची वाट बघत नाहीत, टाइप होईल तसतसे आकडे पलीकडे पोचतात. आकडे टाकले असतील तर कार्ड आजच बंद करा.

आणि नाव-पत्ता गेला आहे, हे बाबांना नक्की सांगून ठेवा. पुढे कधीतरी फोन येऊ शकतो. समोरचा माणूस नाव बिनचूक घेईल, पत्ता सांगेल, पार्सलचाही उल्लेख करेल. एवढं माहीत आहे म्हणजे खराच असणार, असं वाटणं साहजिक आहे. ती माहिती त्यांनीच त्या पानावर भरली होती, हे त्या क्षणी आठवायला हवं.

शिकवायचं म्हणाल तर लिंक ओळखायला शिकवण्यावर माझा फारसा भरवसा नाही. अशुद्ध भाषा बघा, अनोळखी नंबर बघा, हे सल्ले जुने झाले. आता मेसेज शुद्ध भाषेत येतात. पाठवणाऱ्याच्या जागी हवं ते नाव घालता येतं आणि फोन तो खोटा मेसेज त्या संस्थेच्या खऱ्या मेसेजांच्याच रांगेत नेऊन बसवतो. त्यापेक्षा एकच सवय लावा: मेसेज खरा असो की खोटा, त्यातल्या वाटेने जायचं नाही. पार्सलचा मेसेज आला? जिथून वस्तू मागवली ते अ‍ॅप स्वतः उघडायचं. काही अडकलं असेल तर तिथे दिसेलच. बँकेचं तसंच, वीजबिलाचंही तसंच.

तुम्हाला स्वतःला पत्ता वाचायचा असेल तर सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडा, पुढची पहिली एकटी रेघ शोधा आणि तिथून मागे या. 'ओळखीचीबँक.कॉम.खाते-तपासा.टॉप/लॉगिन' यात मालक आहे 'खाते-तपासा.टॉप'. बँकेचं नाव पुढे लावलंय ती नुसती सजावट, तिथे कुणालाही काहीही लिहिता येतं. मोबाइलवर जागा कमी, त्यामुळे पत्त्याचा थोडाच भाग नजरेस पडतो आणि नेमकं हेच त्या लोकांना हवं असतं.

पिंपळपान

तुम्ही म्हणालात तसा त्या यादीत एक विचित्र पत्ता सापडला. काढला, इशारे बंद! बाहेरचं अ‍ॅप कुठलंही नाही. पण बाबा आता सांगतात की कार्डाचा पूर्ण नंबर टाकला होता, फक्त बटण दाबलं नव्हतं. ते म्हणतात, पत्त्याशेजारी कुलूप होतं म्हणून विश्वास ठेवला.

निळीशाई

मग कार्ड बंद करा, थांबू नका. बँकेचा नंबर सर्चमध्ये शोधू नका, तिथे खोटे कस्टमर केअर नंबर पेरलेले असतात. कार्डाच्या मागे छापलेला असतो तोच लावा.

कुलपाबद्दल बाबांना दोष देऊ नका. कित्येक वर्षं सगळ्यांना हेच शिकवलं गेलं. कुलपाचा अर्थ इतकाच की फोन आणि साइट यांच्यातलं बोलणं वाटेत तिसऱ्याला वाचता येत नाही. पलीकडे बसलेला कोण, हे कुलूप सांगत नाही. २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून या कुलपासाठी लागणारं प्रमाणपत्र फुकट मिळतं. वेबसाठी ती फार चांगली गोष्ट झाली, पण भामट्यालाही ते तितक्याच सहज मिळतं. लोकांचा हा गैरसमज हटत नाही म्हणून क्रोमने २०२३ मध्ये पत्त्याशेजारचं कुलपाचं चिन्हच बदललं.

त्याऐवजी पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड साठवून आपोआप भरणारं अ‍ॅप, वापरायला लावा. माणसाचे डोळे फसतात, मॅनेजर पत्ता अक्षरन् अक्षर जुळवून बघतो. नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड एखाद्या पानावर भरला गेला नाही, तर तिथेच थांबायचं, हाताने टाइप करायचा नाही.

उंबरठा

रीसेटचं मी घाईत लिहिलं, हे पटलं. पण ओळखीच्या माणसाकडून लिंक आली तर? आमच्या ग्रुपवर हल्ली तेच चाललंय.

निळीशाई

ओळखीच्या नावाने येणं ही फार जुनी युक्ती. मे २००० मधला 'आय लव्ह यू' व्हायरस असाच पसरला. उघडणाऱ्याच्या अ‍ॅड्रेस बुकमधल्या सगळ्यांना तो त्याच्याच नावाने मेल पाठवायचा. जोडलेल्या फाइलचं नाव '.टीएक्सटी.व्हीबीएस' असं संपायचं, पण विंडोज शेवटचा तुकडा लपवत असल्याने ती साधी मजकुराची फाइल वाटे, असायचा मात्र प्रोग्राम. आज ग्रुपवर फोटो किंवा पत्रिका म्हणून '.एपीके' येते तेव्हा तसंच घडतं. फोटोला इन्स्टॉल करावं लागत नाही, एवढं ग्रुपवर लिहून टाका.

ज्यांच्या नावाने आलं त्यांना चॅटमध्ये विचारू नका, फोन करा. खातं चोराच्या हातात असेल तर 'हो, मीच पाठवलंय' हे उत्तरही चोरच देईल. त्यांना व्हॉट्सअ‍ॅपचं 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून अनोळखी यंत्रं लॉगआउट करायला सांगा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावून घ्यायला सांगा.

पिंपळपान

कार्ड बंद झालं, नवीन येतंय. व्यवहार कुठलाच झालेला नव्हता. पार्सलचं अ‍ॅप बाबांनी स्वतः उघडून बघितलं, तिथे पत्त्याची काहीच तक्रार नव्हती. पिन लावायचं काम आज संध्याकाळी बसून करतो.