तुराटी लागल्यानंतर बुबुळावर पांढरा डाग : खरवडून तपासणी करणे आवश्यक आहे का?

शेतकरीपुत्र, परभणी जिल्हा
नमस्कार. तुरीची मळणी चालू असताना माझ्या वडिलांच्या (वय ५८) उजव्या डोळ्याला तुराटीचे टोक लागले. डोळा लाल झाला म्हणून मेडिकलवरून थेंबांची बाटली आणली. दोन दिवस लाली उतरली, परंतु नंतर ठणका वाढला, उजेड सहन होईना आणि आज बाराव्या दिवशी बुबुळावर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढुरका डाग दिसत आहे. नेत्रतज्ज्ञांनी तो भाग खरवडून नमुना तपासायचे सांगितले आहे. जखमेवर पुन्हा खरवडले तर कायमचे फूल पडेल, अशी आईला भीती वाटते. नुसते औषध बदलून भागणार नाही का?

नेत्रचिकित्सक, लातूर
तपासणी करून घ्या, शक्य तर उद्याच. फूल पडते ते खरवडण्यामुळे नव्हे. जंतूंनी बुबुळ कुरतडल्यावर ती जखम भरताना पडते, आणि उपचारास जितका उशीर होतो तितके ते दाट होते, हे आईंना शांतपणे समजावून सांगा. डोळा बधिर करणारे थेंब घालून स्लिट लॅम्प या डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकासमोर बसवतात आणि जखमेच्या तळातून व कडेवरून अगदी थोडा अंश घेतात. काही मिनिटांचे काम आहे.

झाडाझुडपाचा मार लागलेला असेल तर बुरशीचा संशय आधी घ्यावा लागतो. जिवाणूंची जखम बहुधा झपाट्याने चिघळते. बुरशीची संथपणे वाढते, तिच्या कडा पिसासारख्या विस्कटलेल्या असतात, पृष्ठभाग कोरडा आणि किंचित उंचावलेला दिसतो, तर कधी मुख्य डागाभोवती लहान डाग उमटतात. तरीही केवळ पाहून निदान करताना अनुभवी डॉक्टरांचीही चूक होऊ शकते, आणि बुरशीचे औषध जिवाणूंवर चालत नाही. नमुना १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवला की पेशी विरघळतात व बुरशीचे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली उघडे पडतात, त्यामुळे पहिले उत्तर बहुधा त्याच दिवशी मिळते. कल्चरला, म्हणजे नमुन्यातील जंतू वाढवून ओळखायला, आठवडा किंवा अधिक लागू शकतो, परंतु उपचार त्यासाठी खोळंबत नाहीत.

मला अधिक काळजी वाटते ती त्या बाटलीची. लाली लगेच उतरून दुखणे मात्र वाढले, यावरून तिच्यात स्टिरॉइड असावे असा संशय येतो. स्टिरॉइड सूज दाबते आणि बुरशीला मोकळे रान देते. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिले आहे का पाहा आणि ती डॉक्टरांना दाखवा. वडिलांना मधुमेह असल्यास तेही सांगा.

ऊस उत्पादक, अंबड तालुका
मला उसाची पात लागली होती. आम्हीही नमुना द्यायला घाबरलो आणि आठ दिवस वेगवेगळे थेंब घालत राहिलो. शेवटी तपासणीत बुरशी निघाली. सुरुवातीला दिवसरात्र दर तासाला थेंब घालावे लागले, म्हणून घरातल्यांनी पाळ्या लावल्या. बरे व्हायला सुमारे सात आठवडे गेले. डाग नेमका मध्यभागी असल्याने त्या डोळ्याने आता वाचता येत नाही, आणि ते आठ दिवस आजही सलतात. डोळ्यावर पट्टी बांधू नका, आणि कोणी एरंडेल किंवा मध घाला म्हणाले तरी ऐकू नका.

शेतकरीपुत्र, परभणी जिल्हा
सर्वांचे मनापासून आभार. बाटलीवर डेक्सामेथासोन लिहिलेले होते. काल नमुना घेतला, वडिलांना फारसे दुखले नाही. संध्याकाळी बुरशीचे तंतू दिसल्याचे कळले आणि ५ टक्के नॅटामायसिन दर तासाला सुरू झाले. साखरही वाढलेली निघाली. एक नातेवाईक व्होरिकोनॅझोल हे नवे औषध अधिक चांगले असल्याचे सांगतात. ते मागावे का?

नेत्रचिकित्सक, लातूर
नवे म्हणून मागू नका. दक्षिण भारतातील रुग्णांवर या दोन्ही थेंबांची तुलना झाली होती आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत नॅटामायसिनच सरस ठरले, विशेषतः फ्युजेरियम जातीच्या बुरशीवर. औषध तळाशी बसते, म्हणून प्रत्येक वेळी बाटली नीट हलवा. पहिल्या दोन-तीन दिवसांत डाग लहान झाला नाही म्हणून धीर सोडू नका. मात्र ठणका वाढला, बुबुळाच्या मागे खालच्या बाजूला पांढरा पू साचलेला दिसला किंवा डोळ्यातून एकाएकी गरम पाणी आले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा.