अनुभव धागा : पाच चौकटी आणि तुम्हाला अडलेला इंग्रजी शब्द

सकाळच्या चहाबरोबर वर्डल सोडवणारे आपल्यात बरेच जण आहेत. पाच अक्षरांचा एक इंग्रजी शब्द, सहा संधी. अक्षर बरोबर जागी पडलं की हिरवं, शब्दात आहे पण जागा वेगळी असेल तर पिवळं, नसेल तर करडं. जॉश वॉर्डलने हा खेळ आपली जोडीदार पलक शाह हिच्यासाठी केला. इंग्रजीतल्या बारा हजारांच्या आसपास पाचअक्षरी शब्दांतून ओळखीचे अडीचेक हजार पलकने वेगळे काढले, म्हणून तो आपल्यालाही झेपतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो सगळ्यांना खुला झाला आणि जानेवारी २०२२ संपता संपता न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतला.

सुरुवात माझ्यापासून. त्याच जानेवारीत माझ्याकडे शेवटची तीन अक्षरं हिरवी होती : ओ, एल, एल. पुढे काय? ट्रोल, ड्रोल, सगळं घालून पाहिलं. उत्तर निघालं ‘नोल’, आणि सुरुवातीला के! उच्चारातच नसलेलं अक्षर मराठी कानाला सुचणार कसं? अर्थ पाहिला : लहानसा गोलसर उंचवटा. आमच्या शेताच्या बांधापलीकडे अगदी तसंच टेकाड आहे. त्याला इंग्रजीत नाव असेल असं कधी मनातही आलं नव्हतं.

तुम्हाला कोणता शब्द अडला, कोणता कायमचा लक्षात राहिला, ते लिहा. अर्थ मात्र जरूर लिहा.

न्यू जर्सीहून : आई नाशिकला असते. खेळातला शब्द ज्याच्या त्याच्या मध्यरात्री बदलतो, त्यामुळे आईला तो माझ्या साडेनऊ-साडेदहा तास आधी मिळतो. ती फक्त रंगीत चौकोन पाठवते, अक्षर एकही नाही. पण बारा जानेवारी २०२२ ला चौकोनांआधी फोनच आला. “अगं, हे चुकीचं स्पेलिंग आहे!” उत्तर होतं ‘फेवर’, म्हणजे मेहेरबानी, उपकार, तेही यू गाळून, अमेरिकी पद्धतीने. आईने आयुष्यभर मुलांच्या वह्यांत तो यू लाल शाईने घातला होता. माझं उत्तर तर तिने फोडलंच, पण मला राग आला नाही. महिन्याभरात ‘ह्यूमर’ आला, त्यातही यू नाही. तेव्हा मात्र ती दिवसभर काही बोलली नाही, माझं झाल्यावर मग म्हणाली, “बघितलंस?”

गेल्या वर्षी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. भाऊ रोज फोनवर सांगायचा, आई बरी आहे. मी ऐकून घ्यायचे. पाचव्या दिवशी पाच ओळींचे चौकोन आले, शेवटची ओळ अख्खी हिरवी. तेव्हा कुठे मला शांत झोप लागली.

निवृत्त शिक्षिका, सांगली : ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एकही नसलेले शब्द मी वहीत लिहून ठेवते. निंफ म्हणजे वनदेवता, क्रिप्ट म्हणजे तळघरातली दफनाची जागा, ग्लिफ म्हणजे कोरलेलं चिन्ह, ट्रिस्ट म्हणजे प्रेमिकांची ठरवून घेतलेली भेट. सगळ्यांत वायचा आधार. आणि एक ‘मर’ : एम, वाय, दोन आर, एच. बायबलमध्ये बाळ येशूला सोनं आणि ऊद यांच्याबरोबर भेट दिलेला हा सुगंधी डिंक. शब्दकोशात शोधत गेले तर तो हिराबोळ निघाला! आजीच्या डब्यात होता की. काष्ठौषधीच्या दुकानातून मी स्वतः पुडी बांधून आणलेली आहे.

पुणे, अभियंता : ‘आय-जी-एच-टी’ने शेवट होणाऱ्या शब्दांपासून सावध राहा. लाइट, माइट, नाइट, फाइट, राइट, साइट, टाइट, एट. चार अक्षरं हिरवी आणि तरी माणूस हरतो. एकतीस जानेवारी २०२२ ला माझी अशीच गेली. एकेक शब्द घालत बसू नका. ‘फिल्म्स’ घाला : एफ, एल, एम, एस चारही एका फटक्यात तपासून होतात. (हार्ड मोडमध्ये, म्हणजे सापडलेली अक्षरं पुढच्या प्रत्येक अंदाजात वापरावीच लागतात तिथे, हे चालत नाही.) एस लावून केलेलं साधं अनेकवचन उत्तर म्हणून येत नाही, पण अंदाज म्हणून चालतं.

ठाणे : पाच मे २०२२, ‘होमर’. मला ग्रीक कवीच आठवला. निघाला बेसबॉलमधला होम रन, म्हणजे आपल्या षटकारासारखा फटका. इतक्या लोकांनी तो शब्दकोशात शोधला की केंब्रिज डिक्शनरीने त्यालाच त्या वर्षीचा शब्द ठरवलं.

छत्रपती संभाजीनगर : मी स्क्रॅबलवाला, म्हणजे हाती आलेली अक्षरं पटावर लावून शब्द करणारा. क्यू हाती आला की दहा गुण, पण यू नसेल तर तो गळ्यात अडकतो. म्हणून यूशिवायचे क्यूवाले शब्द पाठ केले, त्यात सापडला ‘कनात’ : क्यू, ए, एन, ए, टी. अर्थ : जमिनीखालून उताराने पाणी आणणारा बोगदा, वर ठरावीक अंतराने हवेसाठी आणि सफाईसाठी विहिरीसारखी भोकं. अहो, ही तर आमची नहर-ए-अंबरी! मलिक अंबरने सतराव्या शतकात शहरात पाणी खेळवलं ते असंच. लहानपणी तिच्या भोकांत खडे टाकून आवाज ऐकायचो. तो शब्द पटावर लावताना माझा हात थरथरला, खरंच सांगतो.

जिल्हा परिषद शाळा, सिंधुदुर्ग : आमच्याकडे वर्डल नाही, फळा आहे. पाच रेघा मारते, तिसऱ्या-चौथ्या रेघेवर ओ-ओ लिहिते आणि मुलांना म्हणते, भरा. स्पून येतो, ब्रूम येतो. मग मी ब्लड लिहिते, फ्लड लिहिते, फ्लोअर लिहिते. रक्त, पूर, जमीन. तेच दोन ओ, आवाज मात्र वेगळाच. मुलं चिडतात, आणि त्यांचं बरोबर आहे. आपल्याकडे उकार लिहिला की उकारच वाचायचा असतो.

मागच्या महिन्यात आठ रेघा मारल्या. एम सापडला, दोन नव्हे तीन ओ सापडले, जी सापडला. कुणालाच येईना. शेवटी मीच ‘माँगूस’ पूर्ण केला आणि सांगितलं, हा इंग्रजीने मराठीतून घेतलेला शब्द आहे. मागच्या बाकावरची मुलगी, जी इंग्रजीच्या तासाला कधी तोंड उघडत नाही, ती उभी राहून म्हणाली, “बाई, मुंगूस! आमच्या काजूत रोज येतं!”