रॉ फाइलसाठी कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? (पक्षी, आर१०, जुना लॅपटॉप)

गोदाकाठची

नमस्कार. इतकी वर्षं कॅननचा ७०डी कॅमेरा वापरला, दिवाळीत कॅननचाच आर१० घेतला. थंडीत सुट्टीच्या दिवशी नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात, चापडगावच्या बाजूने पक्षी टिपायला जाते. फोटोंवरचं काम अ‍ॅडोबीच्या लाइटरूम ६ या सॉफ्टवेअरवर करायचे, एकदाच पैसे भरून घेतलेलं. नव्या कॅमेऱ्याच्या सीआर३ फाइल (रॉ, म्हणजे सेन्सरने टिपलेला कच्चा डेटा) ते उघडतच नाही. पुतण्याने डार्कटेबल हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. त्यात फाइल उघडते, पण जांभळ्या पाणकोंबडीचा जो रंग कॅमेऱ्याच्या पडद्यावर झळकतो, तो इथे पार मरगळलेला. धुक्यातल्या चित्रबलाकांचं तर बोलूच नका, राखेत लोळून आल्यासारखे दिसतात.

लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. दर महिन्याला पैसे भरायची तयारी नाही. आणि ७०डीच्या जुन्या रॉ, म्हणजे सीआर२ फाइलींवर केलेल्या कामाचं काय करायचं?

सिडकोचा क्लिकर

ताई, लाइटरूमचं सबस्क्रिप्शन घ्या आणि मोकळ्या व्हा. पहाटेच्या कमी उजेडात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० शिवाय भागत नाही, आणि लाइटरूममधलं एआय डीनॉइज, म्हणजे नॉइज (फोटोतले दाणे) काढणारं साधन, जादू आहे. फुकटच्या मागे लागून वेळ जातो.

शालिमारचा लॅबवाला

क्लिकरभाऊ, जादू आहे हे कबूल. पण ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर ते डीनॉइज एकेका फोटोला कित्येक मिनिटं घेतं. ताई सकाळभरात चारशे फ्रेम मारत असतील तर पुढचा रविवार उजाडेल.

ताई, तुमच्या फाइलला काहीही झालेलं नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसते ती रॉ नव्हेच. कॅमेऱ्याने स्वतः बनवून रॉच्या पोटात ठेवलेली जेपेग आहे ती. पिक्चर स्टाइल, कॉन्ट्रास्ट, शार्पनिंग सगळं चढवलेली. खऱ्या रॉमध्ये सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्याने एकच रंग मोजलेला असतो. निम्मे ठिपके हिरवे, पाव लाल, पाव निळे. प्रत्येक ठिपक्याचे उरलेले दोन रंग आजूबाजूच्या ठिपक्यांवरून हिशोबाने भरायचे, मग त्यावर रंगाचं प्रोफाइल आणि टोन कर्व्ह (उजेड-अंधाराचं प्रमाण ठरवणारी रेघ) लावायचा. हे प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या पद्धतीने करतं, आणि डार्कटेबल सुरुवातीला मुद्दाम सौम्य चित्र देऊन पुढचं तुमच्यावर सोडतं. म्हणून उघडल्या उघडल्या कोणतं छान दिसतं यावरून सॉफ्टवेअर निवडू नका. लोक नेमकं तेच करतात.

आधी कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल उतरवून घ्या. फुकट आहे, ७०डी आणि आर१० दोन्ही चालतात. त्यात पाणकोंबडीची एक फ्रेम उघडा, कॅमेऱ्यासारखाच रंग मिळेल. कॅननची लेन्स असेल तर लेन्सचे दोष सुधारणारं त्यातलं डिजिटल लेन्स ऑप्टिमायझरही लावून बघा. सिग्मा-टॅमरॉनसारख्या दुसऱ्या कंपनीची असेल तर त्याचा भरवसा धरू नका. रोजच्या कामाला मात्र हे सॉफ्टवेअर कंटाळवाणं आहे. मंद चालतं आणि नॉइज काढण्यात मागे पडतं. मी ते फक्त रंग ताडून पाहायला ठेवतो.

आता खरा मुद्दा. सॉफ्टवेअर बदललं तरी रॉ फाइल तशीच राहते, तुम्ही केलेलं काम मात्र सोबत येत नाही. लाइटरूमचे स्लायडर डार्कटेबलला धड कळत नाहीत. रेटिंग, कीवर्ड, क्रॉप असं थोडंफार एक्सएमपी फाइलमधून (केलेल्या कामाची नोंद ठेवणारी छोटी फाइल) येतं, तेही लाइटरूममधून ती आधी सेव्ह केली असेल तर. म्हणजे आज जे निवडाल त्यात पुढची अनेक वर्षं अडकणार. तेव्हा लाइटरूम ६ काढून टाकू नका. चांगल्या जुन्या फोटोंचे १६ बिट टिफ (कुठेही उघडणारी, दर्जा न घटवणारी फाइल) काढून ठेवा, बाकीचे राहू द्यात तिथेच. शिवाय अ‍ॅडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर फुकट मिळतो; डीएनजी हा अ‍ॅडोबीचा रॉ फाइलचा प्रकार. सीआर३ चं डीएनजी केलं की ती फाइल लाइटरूम ६ मध्ये उघडते. मूळ सीआर३ मात्र जपा, कारण कॅननचं सॉफ्टवेअर डीएनजी उघडत नाही.

माझ्या लॅबमध्ये प्रिंटला येते ती शेवटी एसआरजीबी (नेहमीच्या रंगपट्ट्याची) जेपेगच. बारा बाय अठराच्या कागदावर धुक्यातला नॉइज दिसतो, व्हॉट्सअ‍ॅपवर कोणालाच दिसत नाही. आधी ठरवा, फोटो जाणार कुठे.

उबुंटूवाला

लॅबवाल्यांनी रॉथेरपी या सॉफ्टवेअरला विसरून अन्याय केला. ताईंची तक्रार आहे ना, कॅमेऱ्यासारखं दिसत नाही? रॉथेरपीत ऑटो-मॅच्ड टोन कर्व्ह आहे. रॉच्या पोटातली जेपेग वाचून उजेड-अंधार तिच्याशी जुळवून घेतो. रंग तंतोतंत नाही, पण सुरुवात बरी होते. पिसांसाठी कॅप्चर शार्पनिंग लावून बघा, मी तर त्याच्याचसाठी टिकून आहे. डार्कटेबलमध्ये मास्क (फोटोचा निवडलेला भाग) वापरून फक्त पक्षी उजळणं जास्त सोपं, पण त्याची सगळी मजा ग्राफिक्स कार्ड असेल तर. दोन्ही फुकट, दोन्ही विंडोजवर चालतात.

गोदाकाठची

कॅननचं टाकलं. पाणकोंबडी अगदी पडद्यावर होती तशी दिसली, पण एक फ्रेम बदलली की चहा ठेवून यावं इतका वेळ. रॉथेरपीत कर्व्ह जुळवल्यावर बलाक बरे दिसले, गुलाबी पिसंही दिसली. मेनू मात्र विमानाच्या कॉकपिटसारखे. डीएनजी करून लाइटरूम ६ मध्येही उघडून पाहिलं, हात तिथेच बसलेला आहे. सध्या तेच ठेवते. प्रिंटसाठी निवडलेल्या फ्रेम तेवढ्या रॉथेरपीत करीन. लेन्स सिग्माची आहे, त्यामुळे ऑप्टिमायझरचा प्रश्नच मिटला.

क्लिकरभाऊ, महिन्याच्या पैशांत चापडगावचं पेट्रोल निघतं!

सिडकोचा क्लिकर

हरलो. पुढच्या रविवारी मला न्या, पेट्रोल माझं.

शालिमारचा लॅबवाला

ताई, डीएनजी कन्व्हर्टरच्या प्रेफरन्समध्ये लॉसी कॉम्प्रेशनच्या (दर्जा घटवून फाइल लहान करण्याच्या) चौकटीत खूण नाही ना, ते बघून घ्या. आणि कम्पॅटिबिलिटी (कोणत्या आवृत्तीत फाइल उघडावी ते) लाइटरूम ६ ला चालेल अशी निवडा.